वेळेवर केलेली सेवा
(धारगळ येथे संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी एका शाळामास्तराला बोलायला उभे करण्यात चालकांनी थोडे धाडसच केले आहे. मास्तर एकदा बोलू लागला की घंटा झाल्याशिवाय थांबत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. त्यातून मला दिलेला विषय 'वेळेचा सदुपयोग आणि परसेवा यांविषयी इस्लामची शिकवण' असा असल्यामुळे, मी आपला वेळ वाया घालवला तर विषयाचाच अपमान केल्यासारखे होईल. तेव्हा थोडक्यात बोलण्याचा प्रयत्न करतो. मी मौलवी नाही, आलिम नाही. धर्मग्रंथ श्रद्धेने वाचणारा आणि त्यातले आपल्या रोजच्या वागण्यात कसे उतरेल याचा विचार करणारा एक शिक्षक आहे. त्याच नात्याने चार विचार आपल्यापुढे मांडतो.

चालकांनी विषय दिला तेव्हा प्रथम मला वाटले की हे दोन निराळे विषय आहेत. वेळेचा सदुपयोग हा विद्यार्थ्यांना सांगण्याचा विषय, आणि परसेवा हा मोठ्यांना सांगण्याचा. पण विचार करू लागल्यावर ध्यानात आले की इस्लामने हे दोन्ही एकाच दोऱ्यात ओवले आहेत. कुराण शरीफातील १०३ वी सूरत 'अल्-अस्र' या नावाने ओळखली जाते. ती अवघ्या ३ आयतींची आहे. आमची मुले ज्या सूरती अगदी लहानपणी पाठ करतात, त्यांपैकी ही एक. 'अस्र' या शब्दाचा अर्थ काळ असा आहे, आणि दुपार कलल्यानंतरच्या वेळेलाही 'अस्र'च म्हणतात. बाजारातल्या माणसाला त्या वेळेचे महत्त्व सांगायला नको. दिवस संपत आलेला असतो आणि गाठीला काय पडले, काय गमावले, याचा हिशेब डोळ्यांपुढे उभा राहतो.

या सूरतीत काळाची साक्ष काढून सांगितले आहे की माणूस तोट्यात आहे. मग या तोट्यातून कोण वाचतो? ज्याच्यापाशी श्रद्धा आहे, ज्याच्या हातून सत्कृत्य घडते, आणि जी माणसे एकमेकांना सत्याची व धीराची आठवण करून देतात, ती वाचतात. येथे 'एकमेकांना' या शब्दाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. सूरतीचा आरंभ काळापासून झाला आणि शेवट दुसऱ्या माणसापाशी झाला. एकट्याने स्वतःपुरता वेळ सार्थकी लावला, अभ्यास केला, पैसा मिळवला, जप केला, तरी हिशेब पुरा होत नाही. आपल्या वेळेत दुसऱ्याचा वाटा आहे, असा याचा अर्थ मी घेतो.

आता आचरणाकडे वळू. इस्लाममध्ये नमाज पाच वेळांची आहे आणि प्रत्येक नमाजला तिचा ठरलेला वक्त आहे. घड्याळे नव्हती तेव्हा उजाडणे, सूर्य कलणे, सावली लांबणे, सूर्यास्त आणि संधिप्रकाश मावळणे यांवरून हे वक्त ठरवीत. बांग ऐकली की शेतातला शेतात, दुकानातला दुकानात हातचे काम ठेवून उभा राहतो. दिवसाचे असे पाच भाग पडले की माणसाला आपला दिवस कोठे गेला हे कळत नाही असे होत नाही. वेळेची शिस्त लावणारी याहून सोपी शाळा मला तरी ठाऊक नाही.

परंतु या शिस्तीलाही एक अपवाद आहे, आणि तो फार बोलका आहे. हजरत महंमद पैगंबर (स.) नमाज पढवीत असत तेव्हा मागे स्त्रियाही उभ्या असत. नमाज सावकाश, लांबवून पढवावी असा त्यांचा मनोदय असे. पण मागून एखाद्या तान्ह्या मुलाचे रडणे कानी आले की ते नमाज आटोपती घेत, कारण त्या मुलाच्या आईचा जीव वर-खाली होत असणार हे ते जाणत. पुढे धर्मशास्त्राच्या पंडितांनी हेच सूत्र आणखी स्पष्ट केले. कोणी बुडत असेल, किंवा एखादा आंधळा विहिरीत पडण्याच्या बेतात असेल, तर चालू असलेली नमाज मोडून त्याला वाचवावे, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. नमाज नंतर पुन्हा पढता येते, बुडालेला माणूस मात्र पुन्हा मिळत नाही.

वक्त टळलेल्या नमाजला आम्ही 'कजा' म्हणतो. माणसाला झोप लागली, विसर पडला, तर ती नंतर अदा करण्याची सोय धर्माने ठेवली आहे. परमेश्वर दयाळू आहे, तो थांबतो. पण शेजाऱ्याच्या गरजेचा वक्त टळला तर ती कजा कशी अदा करणार? ज्या रात्री त्याच्या घरी औषध नव्हते, ती रात्र आपण दुसऱ्या दिवशी कोठून आणणार? आज मला आपल्यापुढे मुख्यतः एवढीच एक गोष्ट मांडावयाची आहे. सेवेलाही वक्त असतो, आणि तो टळला की उरते ती बहुतेक वेळा केवळ समजूत.

शेतकऱ्याच्या मुलाला हे वेगळे सांगायला नको. तरवा वीस-पंचवीस दिवसांचा झाला की लावणी उरकावी लागते. त्या दिवसांत शेजाऱ्याला माणूस कमी पडला आणि आपण महिन्याभराने मदतीला गेलो, तर तो भला माणूस आपल्याला बसायला पाट देईल, चहाही देईल. पण तरवा जून होऊन गेलेला असेल. आपल्या भाषेत यासाठी 'बैल गेला नि झोपा केला' अशी म्हण आहे.

म्हणूनच इस्लामने उपासनेला जसे वक्त लावून दिले, तसे देण्याघेण्यालाही लावून दिले. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्यापूर्वी द्यावी, अशी पैगंबरसाहेबांची आज्ञा आहे. ऐपत असलेल्या माणसाने देणे फेडण्यात चालढकल करणे याला त्यांनी जुलूम म्हटले आहे. जकात म्हणजे शिलकी मालमत्तेवरील चाळिसावा हिस्सा. तो चांद्र वर्ष पुरे होताच द्यावयाचा असतो. रमजानच्या अखेरचा फित्रा तर ईदच्या नमाजपूर्वीच गरिबाच्या हाती पडला पाहिजे. नमाज झाल्यावर दिला तर ते साधे दान ठरते, फित्रा ठरत नाही. याचे कारण उघड आहे. त्या गरिबाच्या चुलीवरही ईदच्या दिवशीच काहीतरी गोड शिजावयाचे असते. ईद होऊन गेल्यावर दिलेल्या शेवयांनी पोट भरेल, पण मुलांची ईद साजरी होणार नाही.

आपण इतके समजदार असून मदतीला उशीर का करतो? मला वाटते, आपण वाईट नसतो, आपण पुढे ढकलणारे असतो. काही दुकानांत 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असे. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आले तरी पाटी तीच. आपल्या सद्भावनेवरही अशीच एक पाटी लटकलेली असते. सवड झाली की पाहू, मुलाचे लग्न झाले की देऊ, सेवानिवृत्त झालो की समाजकार्य करू. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ माणसे फसतात, असा इशारा पैगंबरसाहेबांनी दिला आहे तो याचसाठी.

दुसरे खलीफा हजरत उमर यांची एक कथा आमच्याकडे सांगितली जाते. रात्री गस्त घालताना मदिनेच्या बाहेर त्यांना एक बाई चुलीवर भांडे ठेवून बसलेली दिसली. भोवती मुले रडत होती. भांड्यात नुसते पाणी होते. अन्न शिजते आहे या आशेवर मुले झोपी जावीत म्हणून तिने ते उकळत ठेवले होते. उमर तसेच माघारी फिरले आणि कोठारातून पिठाचे पोते काढले. नोकराने ते उचलण्याची तयारी दाखवली, तेव्हा न्यायाच्या दिवशीही माझे ओझे तूच वाहणार आहेस काय, असे त्याला विचारून त्यांनी ते स्वतःच्या पाठीवर घेतले. मुले जेवून हसू लागली तेव्हाच ते उठले. त्यांच्या नम्रतेसाठी ही कथा नेहमी सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी सहज म्हणू शकला असता की सकाळी माणूस पाठवतो. त्याने सकाळची वाट पाहिली नाही.

ही जुनी गोष्ट झाली. आपल्या शेजारच्या मुलखातली अलीकडची एक सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे मागांचे गाव. २०२० साली कोरोनाच्या साथीत टाळेबंदी लागली, माग थांबले, हातावर पोट असलेल्यांचे हाल झाले. त्याच दिवसांत रमजान आला. मशिदी बंद, ईदची खरेदी बंद. तेथील मुस्लिम समाजाने जकातीचे आणि देणगीचे सुमारे ३६ लाख रुपये एकत्र केले आणि गावच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. मे महिन्यात ईदच्या सुमारास त्याचे उद्घाटन झाले. खाटेवर कोणत्या धर्माचा रुग्ण झोपेल हा प्रश्न तेथे नव्हता. रकमेपेक्षा मला महत्त्व वाटते ते वेळेचे. साथ ओसरल्यावर त्याच पैशांतून एखादी सुंदर कमान उभी करता आली असती. पण तेव्हा गरज खाटांची होती, आणि खाटा गरजेच्या वेळी मिळाल्या.

शेजारी म्हटला की तो कोणत्या धर्माचा, हा प्रश्न पैगंबरसाहेबांच्या सोबत्यांनीही ठेवला नव्हता. अब्दुल्ला इब्न अम्र यांच्या घरी बकरे कापले गेले, तेव्हा घरात येताच त्यांनी विचारले की आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पोचवला ना? पेडणे महालात आपण चवथीच्या करंज्या आणि ईदचा शीरखुर्मा एकमेकांच्या घरी पोचवत आलो आहोत. ही रीत नुसत्या ताटांपुरती उरू नये, एवढीच माझी विनंती आहे.

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे सगळे खरे, पण वेळ कोठे आहे? या प्रश्नाला मी एका कामात बुडालेल्या माणसाचे उदाहरण देतो. मुंबईत १८७४ साली 'अंजुमन-ए-इस्लाम' ही शिक्षणसंस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन हे होते. बद्रुद्दीन हे मुंबईतील नामांकित बॅरिस्टर. १८८७ साली मद्रासच्या अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १८९५ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. वेळ नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना होता. पण गरीब मुलांच्या शाळेसाठी त्यांनी वेळ काढला, आणि ती संस्था दीडशे वर्षे उलटून गेली तरी चालू आहे. ज्याला काम आहे त्यालाच वेळ सापडतो. रिकाम्या माणसाला तो कधीच सापडत नाही.

जकात चाळिसावा हिस्सा असते, हे मी मघाशी सांगितले. एके दिवशी वर्गात गणित शिकवताना माझ्या मनात आले की हाच हिस्सा वेळेचा काढला तर? दिवसाची १४४० मिनिटे. त्यांचा चाळिसावा भाग ३६ मिनिटे. हा काही धर्माचा हुकूम नाही, मास्तराचे गणित आहे. पण ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्यापाशीही ही संपत्ती आहे, आणि राजा-रंकांना ती सारखीच मिळते. हातातल्या मोबाइलवर आपण रोज किती मिनिटे खर्च करतो याचा हिशेब प्रत्येकाने आज रात्री करून पाहावा, म्हणजे ३६ मिनिटे कोठून काढावीत हे मला सांगावे लागणार नाही.

त्या ३६ मिनिटांत करायचे काय? आपल्याच गावाकडे पाहू. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि त्याच दिवशी आपल्या धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचेही. मुंबई आता सव्वा तासावर आली. आपली मुले आखातात जातात, बोटीवर जातात, परदेशात स्थायिक होतात. ते चांगलेच आहे. पण दुबई जवळ आली आणि शेजारचे घर लांब गेले, असे होऊ नये. कित्येक घरांत आज फक्त आजी-आजोबा उरले आहेत. पैसा दर महिन्याला येतो. पण डोळ्यांत औषध घालायला, बँकेचा कागद वाचून दाखवायला, रात्री छातीत कळ आली तर हाक मारायला माणूस नसतो. आजाऱ्याच्या समाचाराला जाणे हा मुसलमानावर दुसऱ्याचा हक्क आहे असे आम्हांला शिकवले आहे. उपकार आणि हक्क यांत फरक आहे. उपकार आपल्या सवडीने करता येतो, हक्क वेळेवर द्यावा लागतो. आणि इस्पितळ तर आता आपल्या दाराशी आहे. लांबून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला कोठे जेवण मिळेल, बस कोठून सुटेल, हे सांगायलाही कोणी तरी लागतो. वाटेतला काटा-दगड बाजूला करणे हेसुद्धा दान आहे असे ज्या धर्मात सांगितले आहे, त्यात वाट दाखवणे हे दान नाही असे कसे म्हणता येईल?

कुराण शरीफाच्या १०७ व्या सूरतीत अशा नमाजी माणसांचा धिक्कार केला आहे, की जे लोकांना दाखवण्यासाठी नमाज पढतात आणि शेजाऱ्याला साधी वापरातली वस्तूही देत नाहीत. म्हणजे भक्तीची परीक्षा मोठ्या देणगीवर न होता घागर, कुदळ आणि मीठ यांवर होते. दिखाऊपणाचा हा दोष व्यक्तीप्रमाणे संस्थांनाही लागू शकतो. या उत्सवाच्या दिवशी, आपल्या संस्थेवरील प्रेमापोटी, मी तीन सूचना नम्रपणे मांडतो. मास्तराने गृहपाठ दिल्याशिवाय तास पुरा होत नाही.

पहिली सूचना शैक्षणिक मदतीची. पुष्कळ ठिकाणी वह्या-पुस्तकांची मदत वार्षिक समारंभात, पाहुण्यांच्या हस्ते, टाळ्यांच्या गजरात दिली जाते. तेव्हा शाळेचे अर्धे वर्ष संपलेले असते. मी वर्गात उभा असतो, म्हणून मला दिसते. पुस्तक नसलेले मूल पहिले काही दिवस शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावते. मग ते डोकावणे सोडते. मग पाठीमागच्या बाकावर जाऊन बसते. समारंभात त्याच्या हाती पुस्तक येते तेव्हा ते मूल मनाने शाळा सोडून गेलेले असते. तेव्हा ही मदत शाळा उघडण्याच्या आठवड्यात, फोटोशिवाय, घरपोच द्यावी. टाळ्यांचा कार्यक्रम मागाहून खुशाल करावा.

दुसरी सूचना तातडीच्या मदतीची. आजारपण आणि मयत या गोष्टी कार्यकारिणीच्या सभेची तारीख पाहून येत नाहीत. एक ठराविक रक्कम दोन विश्वस्तांच्या सहीने त्याच दिवशी देता यावी आणि तिचा चोख हिशेब पुढील सभेत मांडावा, असा नियम करता येईल. कारभार शुद्ध हवाच, पण शुद्धतेच्या नावाखाली तो मंद होऊ नये.

तिसरी सूचना तरुणांसाठी. रक्तालाही वक्त असतो. दान केलेल्या रक्तातील तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर ५ दिवसच. म्हणजे वर्षातून एकदा मोठे शिबिर भरवून भागत नाही. निरोगी पुरुषाला ३ महिन्यांनी आणि स्त्रीला ४ महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. गावातील इच्छुकांची, रक्तगटासह, एक यादी संस्थेने ठेवावी आणि पाळीपाळीने वर्षभर दाते जावेत. त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे असावीत, आणि प्रत्येक नावापुढे रोज दार ठोठावणाऱ्या एका तरुणाचे नाव असावे. याला पैसा लागत नाही. ३६ मिनिटे पुरतात.

शेवटी एक गोष्ट सांगून आपली रजा घेतो. वेळेवर केलेल्या कामाचे एक वैशिष्ट्य आहे. ते करणाऱ्याची वेळ संपली तरी त्याची वेळ संपत नाही. माणूस मेला की त्याची कर्मे थांबतात, पण वाहते दान, लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणारे सुशील अपत्य, या तीन गोष्टी मागे चालू राहतात, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. फोंड्याची आदिलशाहीतील साफा मशीद आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. १५६० साली ती बांधली गेली. तिच्या शेजारची तळी आजही तेथे आहे. ज्या गवंड्यांनी तिच्या पायऱ्या घडवल्या, त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. पण त्यांनी आपला दिवस सत्कारणी लावला, याची साक्ष द्यायला ती पायरी उभी आहे.

आणि समजा, पुढे काहीच उरणार नाही अशी खात्री झाली, तर? त्याचेही उत्तर पैगंबरसाहेबांनी देऊन ठेवले आहे. कयामतीची घडी येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर ते लावता येत असेल तेवढ्यात लावून टाका, असे त्यांनी सांगितले. फळ कोण खाणार, सावलीत कोण बसणार, याची चिंता लावणाऱ्याने करावयाची नाही. आपल्या संस्थेने २५ वर्षे अशी रोपे लावली. ज्यांनी ती लावली त्यांतील काही हात आज आपल्यात नाहीत, त्यांचे या प्रसंगी कृतज्ञतेने स्मरण करू या. पुढील २५ वर्षांत ही संस्था वेळेवर धावून जाणारी म्हणून पेडणे महालात ओळखली जावो, अशी परमेश्वराजवळ दुआ करतो.